खाबुऱ्यातलं कामाकुरा

मुनीर सरखोताच्या घराण्यात एक तलवार आहे. रत्नागिरीकडच्या गावी, ओटीवरच्या भिंतीला ती टांगलेली असते, आणि म्यानातून बाहेर आलेली ती आजवर कुणी पाहिलेली नाही. गंजून ती म्यानाशी एकजीव झाली आहे. मुनीरच्या चुलत्याने एकदा जोर लावून ओढली, तर मूठच हातात आली. ती मूठ नंतर गोंदाने चिकटवून टाकली, म्हणून पाहुण्यांना तलवार लांबूनच दाखवतात. सरखोत म्हणजे खोतांचेही खोत, गावाचा सारा गोळा करून सरकारात भरणारे आणि भरता भरता थोडा आपल्याकडे ठेवून घेणारे, असं मुनीरचे वडील छाती फुगवून सांगत. खोती कायद्याने गेली त्यालाही जमाना झाला. छाती फुगवायची सवय तेवढी मुनीरकडे आली आणि ती घेऊन तो ओमानला आला.

ओमानमध्ये त्याने बातिनाच्या किनाऱ्यावर, खाबुऱ्याच्या बाजारात दुकान काढलं. मासेमारीची जाळी, नायलॉनच्या दोऱ्या, गळ, शिसं, बादल्या, शेतावरच्या पाण्याचे पाइप, फावडी. 'काढलं' हा शब्द अर्थात मुनीरचा. कागदोपत्री दुकान अर्बाबचं, म्हणजे मालकाचं. हा मालक खल्फान नावाचा एक वयस्कर ओमानी गृहस्थ. पाटीवर अरबी अक्षरांत खल्फानचं, त्याच्या बापाचं, आज्याचं आणि टोळीचं नाव ऐसपैस पसरलं होतं. मुनीरचं नाव कुठेच नव्हतं. पाटीच्या कोपऱ्यात एक सुरमई काढून घेण्याची मुभा तेवढी त्याला मिळाली, तर पेंटरने त्या सुरमईला पापण्या काढून ठेवल्या. ही बाई कोण, असं गिऱ्हाइकं बावीस वर्षं विचारत होती.

खल्फान दर गुरुवारी तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजानंतर येई. मुनीर गल्ल्यामागच्या उंच स्टुलावरून उठून उभा राही. खल्फान हात मिळवी, तब्येत विचारी, बायकोची, मुलीची, गावच्या म्हाताऱ्या माणसांची खुशाली विचारी, उभ्या उभ्या इवल्याशा कपातून कहवा, म्हणजे अरबी कॉफी, घेई आणि जाई. दुकानात जाळी किती, दोरी किती, हे त्याने कधी विचारलं नाही. मुनीरच्या व्हिसाच्या, परवान्याच्या सहीची वेळ आली की तो सही करी. दोन हजार चौदाच्या हिवाळ्यात त्याची बायको वारली. मुनीर भेटून आला. त्याच्या पुढच्या गुरुवारीही खल्फान तसाच आला आणि तसाच गेला. मुनीरच्या मते अख्ख्या आखातात याच्याहून चांगला अर्बाब नव्हता, कारण हा असून नसल्यासारखा होता.

दोन हजार पंधरा साल उजाडलं आणि खल्फानचा धाकटा मुलगा हमद ऑस्ट्रेलियाहून शिकून परत आला. त्याच आठवड्यात तो दुकानात शिरला, मुनीरच्याच फळीवरची मोजपट्टी उचलली, तिचं प्लास्टिक फाडलं आणि दुकान मोजायला लागला. लांबी झाली, रुंदी झाली, दारापासून रस्त्यापर्यंतची जागा झाली. पट्टीचं दुसरं टोक धरायला माणूस लागत होता. ते मुनीरने धरलं.

"काय करायचंय?" मुनीरने भीत भीत विचारलं.

"कॉफी शॉप," हमद म्हणाला. "काचेचं. मस्कतमध्ये कोपऱ्याकोपऱ्यावर आहेत, खाबुऱ्यात एकही नाही. बाबांशी बोलणार आहे. तुझ्या व्हिसाची सही मे महिन्यात आहे ना? तेव्हा ठरवू, इन्शाल्ला."

"इन्शाल्ला," मुनीर म्हणाला.

हमद गेल्यावर मुनीरच्या डोक्यात प्रकाश पडला. आपलं दुकान मोडायचा बेत आपल्यालाच सांगितला गेला, आणि आपण काय केलं, तर पट्टीचं टोक धरलं आणि वर इन्शाल्ला म्हणून त्यात बरकत मागितली. सरखोतांच्या इतिहासात शत्रूला एवढी मदत कुणी केली नसेल. तो स्वतःवरच हसला. खरं सांगायचं तर तो घाबरला होता. सही झाली नाही तर दुकान गेलं, दुकान गेलं तर खाबुरा गेला, मग उरलं गाव आणि भिंतीवरची ती न निघणारी तलवार. पन्नाशीला टेकलेल्या माणसाने गावी जाऊन त्या तलवारीसमोर बसून करायचं काय?

अशा वेळी शहाणा माणूस वकिलाला भेटतो. मुनीरला भेटला जपानचा इतिहास.

तो घरात आणला त्याच्या मुलीने. अल्फिया नववीत होती, शाळेची बस पकडून पहाटे जायची आणि दुपारी परत यायची. शाळेत समाजशास्त्राचं प्रदर्शन होतं. तिच्या वाट्याला जपान आला होता, आणि जपानात सामुराई लोकांचं राज्य कसं आलं, हा विषय. दुकानाच्या वरच्या घरात, जेवणाच्या चटईवरच तिने तक्ता पसरला होता. मुनीर भाकरीचा तुकडा मोडत होता.

"अब्बा, एम्परर असतो ना," अल्फिया म्हणाली, "तो फक्त असतो."

"म्हंजे?"

"म्हणजे ही जस्ट सिट्स. क्योतोमध्ये. पोएट्री लिहितो, सेरेमनी करतो. काम बाकीचे लोक करतात."

मुनीरच्या हातातला घास हातातच राहिला. "पुढं सांग," तो म्हणाला.

अल्फियाचं मराठी अडखळत चालायचं, पण गोष्ट तिने नीट सांगितली. बादशहा आणि त्याचे दरबारी क्योतोत रेशमी कपडे घालून बसत. त्यांच्या जमिनी लांबच्या मुलखात. त्या सांभाळायला, वसुली करायला, चोर हाकलायला धनुष्य चालवणारी, घोड्यावर बसणारी माणसं लागत. तेच सामुराई. दरबारी त्यांना नोकर समजत. पण दरबारात गादीवरून भांडणं लागली की तीही सोडवायला हेच नोकर बोलवावे लागत, आणि हळूहळू नोकरांच्या लक्षात आलं की आपल्याशिवाय यांचं पान हलत नाही. त्यांच्यातली दोन घराणी मोठी, ताइरा आणि मिनामोतो. आधी ताइरांचा कियोमोरी जिंकला. तो क्योतोतच राहिला, दरबाऱ्यांसारखा नटायला लागला, बादशहाला मुलगी दिली आणि पुढे नातवालाच गादीवर बसवलं. हरलेल्या मिनामोतोंचा एक पोरगा त्याने जिवंत सोडला आणि लांब इझूला पाठवून दिला. त्याचं नाव योरितोमो. वीस वर्षांनी हा योरितोमो उठला, आणि पुढच्या पाच वर्षांत ताइरा संपले. शेवटची लढाई समुद्रात झाली. गादीवर बसवलेला तो लहानगा नातूही त्यात बुडाला.

"मंग योरितोमो बादशहा झाला," मुनीरने निकाल दिला.

"नाही ना अब्बा! दॅट इज द होल पॉइंट." अल्फियाने तक्त्यावर बोट ठेवलं. "तो क्योतोला राहिलाच नाही. तो इकडे, कामाकुराला राहिला. लांब, समुद्राजवळ. तिथून सगळं चालवलं. एम्पररला खूप रिस्पेक्ट दिला आणि तिकडेच ठेवला. एम्पररने त्याला शोगुन बनवला, म्हणजे आर्मीचा हेड. मग सातशे वर्षं तसंच. नाव एम्पररचं, राज्य सामुराईंचं."

"नाव त्याचं," मुनीर हळूच म्हणाला, "काम याचं."

"हो. आणि योरितोमोने जमिनींवर आपली माणसं ठेवली, जितो म्हणतात. तो टॅक्स गोळा करणार, वर देणार, थोडा आपल्याकडे ठेवणार..."

"खोत!" मुनीर एवढ्या जोरात ओरडला की स्वयंपाकघरातून त्याची बायको अमीरुन्निसा पळी हातात घेऊन बाहेर आली. "अगो, हा तर खोत! जपानात आपलीच माणसं होती!"

"आपली माणसं जपानात राज्य करीत होती," अमीरुन्निसा म्हणाली, "तर तुम्ही हितं बादल्या कशाला विकताय?" आणि ती कालवण ढवळायला आत गेली.

आपल्या कोकणी माणसाला इतिहास सांगू नये. तो नुसता ऐकत नाही, सरळ त्यात राहायला जातो. दुसऱ्या दिवशी दुकान उघडेपर्यंत मुनीरने अख्खा जपान खाबुऱ्याच्या बाजारात मांडून टाकला होता. खल्फान म्हणजे बादशहा, पाटीवर नाव आणि एरवी काही नाही. दुकान म्हणजे राज्य. हमद म्हणजे दरबारातले कावेबाज लोक. आणि योरितोमो कोण, हे स्वतःला सांगताना मुनीरने शर्टाची कॉलर नीट केली. आता त्याला आपली चूकही दिसली. गेल्या ईदला तो मिठाईचा मोठा डबा घेऊन खल्फानच्या घरी गेला होता, बैठकीत गादीवर मांडी ठोकून बसला होता, नातवंडांचे गालगुच्चे घेतले होते. हा तर कियोमोरीचा रस्ता! कियोमोरीचं पुढे काय झालं ते तक्त्यावर निळ्या शाईत काढलेलं होतं, लाटांसकट.

योरितोमोचा रस्ता वेगळा. मान भरपूर द्यायचा, पण लांब ठेवून. मुनीरचा हिशेब असा की गुरुवारी खल्फान येतो आणि उभ्याउभ्या जातो. उभ्या माणसाला आपण बादशहा आहोत असं वाटेल कसं? मग तो घरी जातो, आणि घरी हमद त्याचे कान भरतो. तेव्हा दुकानातच खल्फानसाठी एक क्योतो बांधायचं. अगदी मागे, टांगलेल्या जाळ्यांच्या पलीकडे, गल्ल्यापासून लांब, एसीच्या खाली. तिथे तो आठवड्यातून एकदा थाटात बसेल, खूश होईल, मे महिन्यात सही करेल आणि पुन्हा काही विचारणार नाही.

सिंहासन सोहारहून आलं. तपकिरी, उंच पाठीची खुर्ची, हात ठेवायला जाड गाद्या, खाली चाकं, बाजूला दोन दांडे. दुकानदार तिला 'डायरेक्टर' म्हणत होता. ती पिकअपमधून उतरवून घेतली सकलैनने. सकलैन म्हणजे अमीरुन्निसाचा भाऊ, मुनीरच्या दुकानात विक्रीला असलेला. कुठलं जाळं कुठे आहे, कुठल्या कोळ्याला कुठला गळ चालतो, कुठला माल संपत आला, हे सगळं तो पाहायचा. मुनीर स्टुलावर बसून राज्याचा विचार करायचा.

"दुल्हेभाई, तुमच्यासाठी?" सकलैनने विचारलं.

"अर्बाबसाठी."

"मागं कशाला? म्हातारा तिथं दिसायचाच नाय कुणाला."

"तुला राजकारण कळायचं नाय," मुनीर म्हणाला.

गुरुवारी असरनंतर खल्फान आला. मुनीर त्याला हात धरून मागे घेऊन गेला, त्याने जाळी बाजूला सारली आणि रात्रभर पाठ केलेलं अरबी वाक्य म्हटलं. "तफद्दल, अर्बाब, या, बसा. दुकान तुमचं, खुर्चीही तुमची."

खल्फानने खुर्चीच्या हाताच्या गादीवर बोटं फिरवली. "माझ्यासाठी?" त्याने विचारलं. मुनीरने मान डोलावली. खल्फान बसला, काठी गुडघ्यांत धरली आणि दिवेलागणीची, मगरिबची अजान होईपर्यंत उठला नाही. जाताना त्याने मुनीरचा हात दोन्ही हातांत घेतला. मुनीरने वर जाऊन जाहीर केलं की क्योतो वसलं.

शनिवारी सकाळी सकलैनने शटर वर केलं तर खल्फान बाहेर उभा होता.

रविवारीही आला. सोमवारी आला तो हातात थर्मास आणि खजुराचा डबा घेऊन आला. बुधवारपर्यंत बातमी पसरली, आणि त्याचे मित्र यायला लागले, निवृत्त कोळी, खजुराच्या बागांचे मालक, एक जुना बोट बांधणारा. बसायला दुसरं काही नव्हतं म्हणून ते दोऱ्यांच्या भेंडोळ्यांवर आणि उपड्या बादल्यांवर बसले. बादली विकायची तर आधी तिच्यावरचा म्हातारा उठवावा लागे. एक दिवस दोन भाऊ विहिरीच्या वाटणीचं भांडण घेऊन आले आणि खल्फानने ते टांगलेल्या जाळ्यांखाली बसून दुपारपर्यंत मिटवलं. बादशहा नुसता असतो, हे अल्फियाच्या पुस्तकात होतं. खल्फानने ते पुस्तक वाचलं नव्हतं.

आणि कहवा कोण ओतणार? जो वयाने किंवा मानाने लहान तो. हमद नसे, सकलैन गिऱ्हाइकांत, म्हणजे राहिला शोगुन. डाव्या हातात किटली, उजव्या हातात कपांची उतरंड, थोडा थोडा ओतायचा, आणि पाहुणा कप हलवून 'पुरे' म्हणेपर्यंत ओतत राहायचा. म्हाताऱ्यांना कप हलवायची घाई नव्हती. मुनीरचं मनगट दुखायला लागलं. आपल्याच दुकानात आपल्याच जाळ्यांपर्यंत पोचायला त्याला चार लोकांची माफी मागावी लागे.

"अब्बा, हे राँग आहे," अल्फिया संध्याकाळी म्हणाली. "एम्परर क्योतोमध्ये राहिला पाहिजे. तुमचा एम्परर कामाकुरालाच शिफ्ट झाला."

"जपानात असं कधी झालं होतं का?"

"एकदा एक रिटायर्ड एम्परर होता. त्याला पॉवर परत पाहिजे होती. मग वॉर झाली, शोगुनचे लोक जिंकले, आणि त्याला बेटावर पाठवला."

मुनीरने बेटाचाही विचार केला, नाही असं नाही. पण ओमानातलं बेट म्हणजे मसीरा, आणि तिथपर्यंत न्यायला गाडी खल्फानचीच मागावी लागली असती. तेव्हा त्याने घरगुती युद्ध पुकारलं. एप्रिलचं ऊन तापत होतं. एक दिवस त्याने मागचा एसी बंद केला आणि बिघडलाय म्हणून सांगितलं. खल्फानने घाम पुसला, मशीनकडे दयेने पाहिलं आणि म्हणाला, "थकलं बिचारं." दुसऱ्या दिवशी त्याच्या घरून नवा एसी आला, बसवणाऱ्या माणसासकट. आता दुकानातली थंड हवाही बादशहाची झाली. मुनीर त्या रात्री जेवताना मनापासून हसला. असा शोगुन जपानात जन्मला असता, तर सातशे वर्षांचं राज्य जेमतेम सात दिवस टिकलं असतं.

"पुढं काय झालां मंग त्यांचां?" त्याने अल्फियाला विचारलं. "त्या शोगुनांचां?"

"योरितोमो घोड्यावरून पडून मेला, असं म्हणतात. त्याची मुलं शोगुन झाली, पण मग ते पण फक्त बसायचे. खरं काम त्याच्या वाइफची फॅमिली करायची. होजो म्हणून. तिचे फादर, तिचा ब्रदर."

तिचा ब्रदर समोरच बसला होता. सकलैन उद्या कुठला माल मागवायचा ते बहिणीशी बोलत होता, आणि अमीरुन्निसा त्याला दोरी कमी आणि पाइप जास्त घे म्हणून सांगत होती. दोघांपैकी कुणी मुनीरला विचारलं नाही. त्याने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं.

"काय बघताय?" अमीरुन्निसा म्हणाली. "भात घ्या."

मे महिना लागला. आणि एका दुपारी, असर होऊन गेल्यावर, हमद हातात टॅबलेट घेऊन आला. मुनीरने त्याला दारातून येताना पाहिलं. मागे दरबार भरला होता. खल्फान खुर्चीत, पाच-सहा म्हातारे बादल्यांवर, मुनीर किटली घेऊन मधे. बादशहाला लांब ठेवायचं बाजूलाच राहिलं, आपण त्याच्या पुढ्यात हुजऱ्या होऊन उभे आहोत आणि शत्रू याच वेळी आला आहे, एवढं त्याला कळलं. पळायला जागा नव्हती. जाळी आडवी येत होती.

हमदने वडिलांना सलाम केला आणि टॅबलेट त्यांच्या मांडीवर ठेवला. "बाबा, हे बघा. दुकान असं होणार."

चित्रात काच होती, लाकडी टेबलं होती, पिवळे दिवे होते. टेबलांशी माणसं बसली होती. खल्फानने चष्मा लावून नीट पाहिलं.

"ही माणसं काय करतात?"

"कॉफी पितात, बाबा. बसतात. बोलतात."

खल्फानने मान वर केली. बादल्यांवर बसलेल्या आपल्या मित्रांकडे पाहिलं, त्यांच्या हातातल्या कपांकडे पाहिलं. "आणि?" त्याने विचारलं.

बोट बांधणारा म्हातारा खो खो हसला. हमदचे कान लाल झाले. "हे वेगळं आहे बाबा. तिथे लोक मुद्दाम येतील."

"हेही मुद्दामच आलेत," खल्फान म्हणाला. "शिवाय इथे जाळंही मिळतं."

आता सगळेच हसले. हमदला ते लागलं. तो वळला आणि त्याने राग काढला तो मुनीरवर. "ही खुर्ची तू आणलीस?"

"हो."

"का?"

बावीस वर्षांत मुनीरचं अरबी दोरी आणि गळ विकण्याइतपत पक्कं झालं होतं. योरितोमोचं राजकारण समजावण्याइतकं ते नव्हतं, आणि असतं तरी ते सांगायचं कोणत्या तोंडाने? तुझ्या बापाला जाळ्यांमागे दडवून मला राज्य करायचं होतं, असं?

"बसायला," तो म्हणाला.

"ऐकलंस?" खल्फान मुलाकडे बघून म्हणाला. त्याचा आवाज एकदम वेगळा झाला होता. "बसायला. तुझी आई गेल्यापासून घरात मला सगळे काय काय सांगतात. बाबा, औषध घ्या. बाबा, आत जाऊन पडा. बाबा, उन्हात जाऊ नका. बस म्हणून कुणी म्हणत नाही. गुरुवारी मी इथे यायचो, तर याला काम असतं, याचा खोळंबा नको म्हणून उभा राहायचो आणि जायचो. बसावंसं वाटायचं. बोललो नाही कधी. याने ओळखलं. याने मला न विचारता खुर्ची आणली."

मुनीरने खाली मान घालून समोरच्या कपात कहवा ओतला, तो कपाबाहेर गेला, कोळ्याच्या पांढऱ्या पायघोळ दिशदाशावर सांडला, आणि तरी तो ओततच राहिला. इतकी लाज त्याला जन्मात वाटली नव्हती. ज्याला नजरेआड करायला खुर्ची आणली, तो ती खुर्ची काळजाशी धरून बसला होता. बंद केलेला एसी, बेटाचा विचार, सगळं त्याला एकदम आठवलं. या घटकेला कुणी मोजपट्टी घेऊन त्याचा शहाणपणा मोजायला आलं असतं, तर दुसरं टोक त्याने आनंदाने धरलं असतं.

हमद उभाच होता. बापाकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावरचा राग गेला होता आणि त्या जागी लहान मुलासारखं काहीतरी आलं होतं. मग त्याने भिंतीशी रचलेल्या बादल्यांतली एक काढली, उपडी घातली आणि वडिलांच्या पायाशी बसला. मुनीरने त्याच्यापुढे कप धरला. त्याने तो घेतला.

"कागद आणलेत का?" खल्फानने मुनीरला विचारलं. "या महिन्यात तुझी सही असते ना?"

सही झाली. मुनीरने वर जाऊन अमीरुन्निसाला सगळं सांगितलं, स्वतःच्या मनातल्या जपानासकट. ती ऐकत होती आणि मासे साफ करत होती.

"त्यांना खरां सांगू?" त्याने विचारलं.

"खबरदार," ती म्हणाली. "म्हाताऱ्याला वाटतंय ना तुम्ही चांगले? मंग व्हा चांगले. खोटां कशाला पाडताय?"

अल्फियाच्या तक्त्याला प्रदर्शनात तिसरा नंबर मिळाला. परीक्षकाने तिला विचारलं होतं, एम्पररकडे काही पॉवर नव्हती तर शोगुनांनी त्याला सातशे वर्षं ठेवला कशाला? "मी म्हटलं, माय फादर नोज वन," ती म्हणाली, "मी त्यांना विचारून सांगते." मुनीर उद्या सांगतो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, शटर वर केल्या केल्या, त्याने आणि सकलैनने मिळून 'डायरेक्टर' मागून पुढे आणली. जाळ्यांमध्ये अडकली, दोन जाळी फाटली, पण आणली. दाराशी, गल्ल्याच्या शेजारी, जिथून रस्ता दिसतो आणि रस्त्याला दुकान दिसतं, तिथे ठेवली. खल्फान आला. नव्या जागेकडे पाहिलं, बसला, आणि मुनीरच्या स्टुलाकडे काठीने खूण केली.

"इतकी वर्षं तू यावर बसतोस? पाठ मोडत नाही?"

"सवय झाली, अर्बाब."

"खलास, पुरे झालं ते. आणखी एक खुर्ची आण."

मुनीर डायरेक्टर आणायला सोहारला गेला नाही. पलीकडच्या चहावाल्याकडून एक निळी प्लास्टिकची खुर्ची आणली आणि थोडी मागे सरकवून ठेवली. खल्फानने ती काठीने पुढे ओढली. दोघे शेजारी शेजारी बसले. स्टुलावर सकलैन चढला, आणि काही क्षणांत तो तिथे जन्मापासून बसल्यासारखा दिसायला लागला. योरितोमोचं राज्य संपलं होतं, होजोंचं राज्य आलं होतं, आणि मुनीरच्या पाठीला पहिल्यांदा टेकायला काहीतरी मिळालं होतं.

थोड्या वेळाने सहम गावाकडचं एक नवं गिऱ्हाईक आलं. माल मोठा घ्यायचा होता, बोलणी मालकाशीच करायची होती. "अर्बाब कुठे आहे?" त्याने सकलैनला विचारलं. सकलैनने हनुवटीने खुर्च्यांकडे दाखवलं. नेमक्या कुठल्या, ते दाखवलं नाही. माणूस एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघू लागला.

बावीस वर्षांच्या सवयीने मुनीर उठायला लागला. तेवढ्यात खल्फानचा सुरकुतलेला हात त्याच्या मनगटावर येऊन पडला.

"बस, मुनीर," खल्फान म्हणाला.

मुनीर बसला.